कासव खात नाही: आधी ऊब, मग पाणी, सिरिंज सगळ्यात शेवटी

सशाने बारा तास तोंडाला काही लावलं नाही तर डॉक्टरकडे धावत सुटावं लागतं. कासवाचं तसं नसतं. धडधाकट मोठं कासव दोन-तीन आठवडे न खाता काढू शकतं. पिल्लू मात्र चार-पाच दिवसांतच खंगायला लागतं. घोळ असा होतो की कासव खात नाही हे लक्षात यायलाच आठवडा जातो आणि मग घरात एकदम धावपळ उडते. मेडिकलमधून सिरिंज येते, मिक्सरमध्ये पालक-गाजर फिरतं आणि गार, कोरड्या पडलेल्या जनावराच्या तोंडात ते ढकललं जातं. आणखी दोन दिवसांचा उपास त्याला झेपला असता. फुप्फुसात गेलेला पाला झेपत नाही.

इथे सांगितलंय ते जमिनीवरच्या, पाला-गवत खाणाऱ्या पाळीव कासवाबद्दल. ठाणे, नवी मुंबईत असं कासव म्हणजे बहुतेक वेळा आफ्रिकेतलं सुल्काटा. काचेच्या टाकीतलं, कानामागे लाल पट्टा असलेलं स्लायडर हे पाण्यातलं कासव. त्याचं अन्न वेगळं आणि ते खातंही पाण्यातच, म्हणून खालची मिश्रणं त्याला लागू नाहीत. ऊब, पाणी आणि अन्न श्वासनळीत जाण्याचा धोका, एवढंच दोघांना सारखं.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव किंवा तळ्याकाठी सापडलेलं मऊ पाठीचं कासव घरी ठेवून भरवत बसू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती पाळता येत नाहीत. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि माणसं येईपर्यंत हवेशीर खोक्यात, शांत जागी ठेवा. सुल्काटाची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ती राहिली असेल तर करून टाका, पण त्या धास्तीने उपचार पुढे ढकलू नका.

खात नाही म्हणजे नेमकं काय

पहिला संशय गारठ्यावर घ्या. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. भोवतालचं तापमान उतरलं की आतड्यांचं काम मंदावतं आणि भूक मरते. रात्रभर २४ वर एसी चालणारी बेडरूम, डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंड फरशी, ठाण्यातल्या घोडबंदर पट्ट्यात येऊरच्या डोंगरांकडून येणारं गार वारं, जून ते सप्टेंबर ऊन न दिसणारी बाल्कनी: आपल्याकडची बरीच 'आजारी' कासवं मुळात गारठलेली असतात. "थंडीत झोपलंय, उठेल" असं म्हणून सोडून देऊ नका. सुल्काटा आणि तारा कासव ही शीतनिद्रा घेणारी जातच नाही. थंडीत ती निपचित पडली तर ती झोप नसते.

दुसरं, मोसम. मे महिन्यात दुपारी न खाणारं कासव सकाळी सात वाजता खात असेल तर ते ठीक आहे.

ऊब दुरुस्त करूनही चार-पाच दिवसांत भूक आली नाही तर कारण आत आहे. नाकाला बुडबुडे, तोंड उघडून श्वास, जिभेवर किंवा हिरड्यांवर पिवळसर थर, सुजलेले डोळे, वाकडी वाढलेली चोच, आठवडाभर शी नाही, मागच्या पायांनी जोर काढणं, मादी असेल तर सारखी माती उकरणं. फुप्फुसाचा संसर्ग, तोंड कुजणं, जंत, पोटात अडकलेली रेती, मूत्राशयातला खडा, अडकलेली अंडी यांतलं काय आहे ते तपासणी आणि एक्स-रेशिवाय कळत नाही. हाताने भरवल्याने यातलं काहीच बरं होत नाही. उपचार लागू पडेपर्यंत अंगात ताकद टिकवायची, इतकाच त्याचा उपयोग.

पहिले तीन दिवस: ऊब

आजारी कासवासाठी झाकणाला भोकं असलेला मोठा प्लॅस्टिक क्रेट किंवा जाड पुठ्ठ्याचा खोका घ्या. खाली वर्तमानपत्र अंथरा. माती, कोकोपीट नको, कारण शी आणि लघवी दिसली पाहिजे. एका टोकाला दिवा, त्याखाली ३२ ते ३५ अंश. दुसऱ्या टोकाला २८. रात्रीसुद्धा २६ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. एरवी निरोगी कासवाला रात्री गारवा चालतो, आजाऱ्याला नाही.

एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. दिवसा उष्णतेचा स्पॉट दिवा आणि रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर अशी जोडी लागते, दोन्ही थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद होणारी. लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. त्याचं टोक भिंतीला न चिकटवता कवचाच्या उंचीवर ठेवा. कंबरेचा शेक द्यायचं पॅड खाली घालू नका. पोटाखालून चटका बसतोय हे कासवाला वेळेत कळत नाही आणि कवच भाजतं. पावसाळ्यात वीज गेली तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला लावा, कासवाला टेकवू नका, आणि वरून चादर टाका.

गार पोटात अन्न घातलं की ते पचत नाही, तिथेच सडतं आणि वायू धरतो. म्हणून ४८ तास तापमान स्थिर राहिल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नाही. हाच टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो, कारण त्यात आपल्याला 'काही केलं' असं वाटत नाही.

पाणी

कोरडं पडलेलं कासव ओळखायला डोळे बघा: आत गेलेले असतात. तोंड उघडलं तर लाळ तारेसारखी ओढली जाते. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग एरवी टूथपेस्टसारखा मऊ असतो. तो खडूच्या चुऱ्यासारखा कचकचीत आला तर पाणी फार कमी झालंय असं समजा.

रोज सकाळी आंघोळ घाला. पसरट टब, पाणी ३० अंशांच्या आसपास, म्हणजे मनगटाला ना गार ना गरम. पातळी कवचाच्या खालच्या कडेपर्यंत आणि डोकं खाली केलं तरी नाक बुडणार नाही इतकी. २० ते ३० मिनिटं. पाणी निवलं की थोडं कोमट पाणी कडेने वाढवा. बरीच कासवं इथेच मान लांब करून पितात आणि इथेच शी-लघवी करतात, म्हणून टब लगेच ओतून न देता आधी आत काय पडलंय ते बघा. अशक्त कासवाला टबात एकटं सोडून फोन घ्यायला जाऊ नका. मान वर धरायची ताकद नसेल तर दोन इंच पाण्यातही ते बुडतं.

तीन दिवसांच्या आंघोळींनी डोळे भरून आले नाहीत तर डॉक्टर त्वचेखाली सलाइन देतील. माणसांचं ओआरएस, ग्लुकोज पावडर, नारळपाणी, मध यांचे घरगुती प्रयोग नकोत.

सिरिंजच्या आधीचा एक प्रयत्न

आंघोळीनंतर, दिव्याखाली अर्धा तास तापल्यावर, सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान पुढ्यात खाणं ठेवा. लाल आणि पिवळा रंग कासवांना खेचतो: जास्वंदाचं फूल, भोपळ्याचं फूल, झेंडूच्या पाकळ्या. देवाच्या हारातली किंवा बाजारातली फुलं नकोत, फवारणी असते. घरच्या कुंडीतली द्या. तुतीची कोवळी पानं, जास्वंदाची पानं, काटे काढलेलं फड्या निवडुंगाचं पान, काकडीचा रस चोळलेली मेथी हेही करून बघा. पपईचा नखाएवढा तुकडा भूक चाळवण्यापुरता चालेल. फळावरच ठेवलं तर सुल्काटाचं पोट बिघडतं. रेल्वे रुळांकडेला पिकलेली भाजी देऊ नका, ती कुठल्या पाण्यावर वाढते ते सगळ्यांना माहीत आहे.

अळू कधीच नाही. पालक आणि लाल माठ आजारपणात टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं.

या वेळी भरवायचं नाही

अंग गार आहे. मान सैल लोंबते आहे किंवा पायाला हात लावल्यावर पाय आत ओढत नाही. तोंड उघडून श्वास घेतंय, नाकातून फेस येतोय. तोंडातून अन्न उलट आलंय. आठवडाभर शी नाही आणि पोट अडल्याचा संशय आहे. यांतलं एक जरी असेल तरी सिरिंज बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

साहित्य

स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, मोठ्या कासवाला ५ किलोचा. १, ५ आणि १० मि.ली.च्या सिरिंज, सुईशिवाय. तोंडाला फिरकी आटे नसलेल्या, साध्या घ्या. इन्फंट फीडिंग ट्यूब, म्हणजे मिश्रण थेट जठरात सोडायची बारीक नळी, नवजात बाळांसाठीची असते, मेडिकलमध्ये नंबर सांगून मागा: कासवाचं वजन अर्धा किलोपर्यंत असेल तर ५ किंवा ६ नंबर, अर्धा ते दोन किलो ८, त्यावर १०. शिवाय आइस्क्रीमची लाकडी काडी, मऊ टॉवेल, कायमचं मार्कर पेन, चहाची बारीक गाळणी आणि मिक्सरचं एक वेगळं भांडं. वेगळं म्हणजे वेगळंच. कासवाच्या अंगावर आणि शीत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असतो. हे सामान ओट्याच्या सिंकमध्ये न धुता बाथरूममध्ये धुवा, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला या कामात हात घालू देऊ नका.

मिश्रण

सगळ्यात सोयीची म्हणजे शाकाहारी आजारी प्राण्यांसाठीची तयार पूड, ऑक्सबो क्रिटिकल केअर किंवा त्या जातीची. एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे पाळीव प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा ऑनलाइन मिळते. डब्यावरचं प्रमाण सशासाठी असतं; नळीतून द्यायला त्याहून पातळ करा आणि गाळून घ्या.

ती येईपर्यंत घरी असं करता येतं. सशाच्या टिमोथी गवताच्या साध्या गोळ्या (दाणे, रंगीत तुकडे, गूळ असलेल्या नकोत) २ टेबलस्पून, कोमट पाणी ६ टेबलस्पून, अर्धा तास भिजवा. त्यात मूठभर धुतलेली जास्वंदाची किंवा तुतीची पानं आणि १ टेबलस्पून मीठ-फोडणीविना उकडलेला लाल भोपळा घाला. तीन मिनिटं मिक्सर फिरवा, गाळणीतून चमच्याने दाबून काढा. ताकापेक्षा किंचित दाट, ओतल्यावर धार तुटणार नाही इतपत. फ्रिजमध्ये २४ तास टिकतं, नंतर टाकून द्या. द्यायच्या वेळी गरम पाण्यात वाटी ठेवून ३० अंशांवर आणा. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच एखादा कढत भाग राहतो आणि अन्ननलिका भाजते.

मग हीच सिरिंज, हीच नळी जोडून ५ मि.ली. रिकाम्या कपात सोडून बघा. कपात सोडताना नळीत अडकलं तर कासवाला भरवतानाही अडकणार, आणि तेव्हा जोर लावला की नळी सिरिंजमधून निसटते आणि सगळं तोंडात भडभडून उडतं.

दूध, दही, अंडं, बाळाचं दुधाचं सीरियल, भाताची पेज, बिस्किट, कुत्र्या-मांजराचं खाणं यांना हात लावू नका. दूध पचवायची सोयच कासवाच्या पोटात नाही. जास्त प्रथिनांचं युरिक अ‍ॅसिड होतं आणि कोरड्या पडलेल्या अंगात तेच मूत्रपिंडात आणि सांध्यांत साचतं. "ताकद यावी म्हणून" दिलेलं अंडं असं उलटतं.

किती द्यायचं

मोजमाप वजनावर. सुरुवात किलोमागे ५ मि.ली., कमाल किलोमागे २० मि.ली. एका वेळी. जठरात मावतंच साधारण एवढं, त्यापुढचं वर येतं.

८०० ग्रॅमचं कासव धरू. ऊब आणि आंघोळीचे पहिले तीन दिवस झाल्यावर चौथ्या ते सहाव्या दिवशी दिवसातून एकदा ४ मि.ली. पातळ मिश्रण. सातव्या ते नवव्या दिवशी ८ मि.ली. तोंडाला उलट येत नसेल आणि शी होत असेल तर पुढे १२. १६ च्या वर कधीच नाही. १२ वर आल्यावर रोजच्याऐवजी दिवसाआड दिलं तरी बहुतेक कासवांचं भागतं, आणि पकडापकडीचा ताण निम्मा होतो.

इतकं कमी का, हा प्रश्न घरात हमखास निघतो, विशेषतः आजीकडून. ३० अंश तापमानाला एक किलोच्या कासवाला बसल्याजागी दिवसाला साधारण ३२ किलोकॅलरी लागतात. ३ किलोच्याला तिप्पट न लागता ७५ च्या आसपास. तितक्याच वजनाच्या सशाच्या मानाने हे फार थोडं आहे. आणि दोन-तीन आठवडे उपाशी असलेल्या अंगात एकदम अन्न पडलं की रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस भराभर पेशींत शिरतं, रक्तात त्याची पातळी कोसळते आणि हृदय बंद पडू शकतं. भरपेट जेवण देऊन दुसऱ्या दिवशी गेलेल्या कासवाचं कारण बऱ्याचदा हेच असतं. म्हणून पहिल्या आठवड्यात पूर्ण गरजेच्या पाव ते निम्म्यावरच थांबायचं.

भरवणं

दोन माणसं लागतात. आणि पहिल्यांदा नळी घालायची ती डॉक्टरांसमोर, त्यांच्या हाताखाली. वाचून शिकण्याचा हा भाग नाही. वाचायचं ते डॉक्टरांच्या हाताचं काय चाललंय हे कळावं म्हणून.

१. आधी वजन करा आणि वहीत लिहा.

२. नळीचं माप घ्या. कासवाची मान लांब असताना चोचीच्या टोकापासून पोटाकडच्या कवचाच्या मध्यापर्यंत नळी बाहेरून धरा आणि मार्करने खूण करा. जठर तिथे, थोडं डावीकडे असतं. खुणेच्या अलीकडे थांबलात तर अन्न अन्ननलिकेतच राहतं आणि वर येतं. खूण ओलांडून रेटलंत तर जठराला टोचतं.

३. सिरिंज भरून नळी जोडा आणि टोकातून पहिला थेंब दिसेपर्यंत दाबा. ८ नंबरच्या नळीत १ मि.ली.च्या आसपास मिश्रण नुसतं नळी भरायला लागतं. ते द्यायच्या मापाबाहेरचं, आणि नळी भरली नाही तर तेवढी हवा पोटात जाते.

४. पहिला माणूस कासवाला टॉवेलात धरून उभं करतो: शेपूट खाली, डोकं वर, कवच जवळजवळ सरळ. आडवं ठेवून भरवायचं नाही.

५. डोकं बाहेर काढणं हे अर्धं काम. सुल्काटा पुढचे पाय दारासारखे मिटून घेतं. उपटायचं नाही. मागचे पाय हलकेच आत ढकलले की डोकं पुढे येतं, किंवा कासव क्षणभर पुढे झुकवलं की मान काढतं. मान आली की अंगठा आणि मधलं बोट जबड्याच्या मागे, कवटीच्या दोन्ही बाजूंना टेकवा आणि तसंच धरून ठेवा. ओढायचं नाही, ते ओढेल तेव्हा सोडायचं नाही, इतकंच. मिनिटभरात मानेचे स्नायू दमतात आणि मान सैल येते. पाच किलोच्या वरचं तगडं कासव जुमानत नसेल तर कुस्ती खेळू नका, डॉक्टरांनी त्याला गुंगी देऊन करण्याचं हे काम आहे.

६. तोंड उघडा. दुसऱ्या हाताच्या बोटाने खालच्या चोचीचं टोक खाली दाबा. फट दिसली की आइस्क्रीमची काडी आडवी, एका कोपऱ्यात सरकवा, म्हणजे नळी चावली जाणार नाही. चमचा, स्क्रू ड्रायव्हर, चिमटा नाही. चोचीचा कपचा उडतो आणि मग कासव दुखण्याने खात नाही.

७. आत बघा, टॉर्च लावून. मांसल जीभ, आणि जिभेच्या मुळाशी मधोमध उघडझाप करणारं छोटं छिद्र. ती श्वासनळी. तिच्यापासून लांब राहायचं. नळीचं टोक पाण्याने ओलं करा, तोंडाच्या कोपऱ्यातून घाला, टाळूच्या कडेने घशाच्या मागे न्या. मान ताणलेली असेल तर नळी जवळजवळ आपोआप सरकते. अडली तर जोर न लावता मागे घेऊन पुन्हा सोडा.

८. खूण चोचीपाशी आली की थांबा आणि श्वासनळीचं छिद्र पुन्हा बघा. ते मोकळं, उघडझाप करताना दिसलं पाहिजे. नळी त्यातच गेलेली दिसली तर लगेच बाहेर.

९. आता हळू दाबा. ४ मि.ली.ला किमान एक मिनिट. डोळे सतत तोंडावर. घशात मिश्रण वर येताना दिसलं की तिथेच थांबा, नळी काढा, मान सोडा आणि डोकं खाली झुकवून बाहेर गळू द्या.

१०. संपल्यावर १ मि.ली. कोमट पाणी ढकला, नळी चिमटीत दाबून बंद करा आणि एका दमात काढा. न दाबता काढली तर टोकातले थेंब श्वासनळीवर पडतात.

११. पाच मिनिटं तसंच उभं धरा. मग अलगद खोक्यात, दिव्याजवळ. त्यानंतर तासभर आंघोळ नाही, उलटसुलट करणं नाही, पोरांच्या मांडीवर नाही.

कासवाला खोकता येत नाही. त्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, आणि श्वासनळीही फार लवकर, मानेतच दोन फाट्यांत वाटली जाते. आपल्याला ठसका लागून जे बाहेर येतं ते त्याच्या फुप्फुसात राहतं आणि तिथे पू होतो. चौथ्यापासून नवव्यापर्यंतच्या पायऱ्यांत इतकी सावधगिरी आहे ती एवढ्यासाठी. भरवल्यावर दोन-तीन दिवसांनी मान लांब करून श्वास, शिट्टीसारखा आवाज किंवा नाकाला फेस दिसला तर डॉक्टरांना "अन्न श्वासनळीत गेलं असावं" असं स्पष्ट सांगा, लपवू नका.

नळीशिवाय, नुसत्या १ मि.ली. सिरिंजने भरवता येतं का? येतं, स्वतःहून चघळणाऱ्या कासवाला. तोंडाच्या कोपऱ्यात ०.२ मि.ली., गिळताना गळा हललेला दिसला की पुढचा थेंब. जे गिळत नाही त्याच्या तोंडात थेंब सोडत राहणं हे नळीपेक्षा जास्त धोक्याचं आहे, दिसायला कितीही सोपं वाटलं तरी.

आठवड्यापेक्षा जास्त चालणार असेल तर

रोज मान ओढणं हाही त्रासच आहे, आणि त्या भीतीने कासव आणखी खात नाही. अशा वेळी डॉक्टरांना अन्ननलिकेत कायमची नळी बसवण्याबद्दल विचारा. गुंगी देऊन मानेच्या बाजूने छोटा छेद घेतात, नळी आत सोडतात आणि दुसरं टोक पाठीच्या कवचावर चिकटपट्टीने बसवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण ती महिनोनमहिने राहू शकते, तोंड मोकळं राहिल्याने कासव त्यातच स्वतः खायलाही लागतं, आणि औषधंही तिथूनच जातात. घरी करायचं ते थोडंच: देण्याआधी १ मि.ली. पाणी, मग मिश्रण, मग २ मि.ली. पाणी, टोपण बंद. छेदाची जागा रोज बघा. नळी तुंबली तर कोमट पाणी भरून दहा मिनिटं थांबा आणि सिरिंज मागे-पुढे करा. तारेने खोदू नका.

मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत अशा गोष्टी

आयव्हरमेक्टिन. कुत्र्याला, गाईला, माणसालाही देतात, स्वस्त आहे, आणि "जंताची गोळी" म्हणून कुणीतरी सुचवतंच. कासवाला ते विष आहे: लकवा भरतो, जीव जातो. कासवं न बघणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तरी विचारा. व्हिटॅमिन ए चं इंजेक्शन अंदाजाने दिलं की काही दिवसांत कातडी सोलून निघते.

डॉक्टरकडे नेताना

कुत्री-मांजरं बघणारे सगळेच डॉक्टर कासव बघत नाहीत. फोनवर आधी विचारा: सरपटणारे प्राणी बघता का, एक्स-रे होतो का, कासवाला नळी घालता का. ठाणे, वाशी, नेरूळकडे एक्झॉटिक प्राणी बघणारे आहेत. नाहीच जमलं तर परळला बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आणि त्याच आवारातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एसी लोकल आणि कॅबचा एसी दोन्ही टाळा. खोक्यात टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, वर झाकण. बरोबर ताजी शी डबीत, वजनाची वही, खोक्याचा आणि दिव्याच्या पाकिटाचा फोटो. अतिनील दिवा कधी घेतला ती तारीखही सांगा. तो पेटत राहतो पण वर्षभरात अतिनील किरण देईनासा होतो, आणि मग हाडं मऊ पडून चावायलाच जमत नाही.

वजनाची वही आणि थांबायची वेळ

वजन रोज एकाच वेळी, आंघोळीआधी, भरवण्याआधी. आंघोळीत मूत्राशय रिकामं झालं की वजन एकदम उतरतं, त्याने दचकू नका. आठवड्याची सरासरी बघा. आठवड्यात ५ टक्क्यांहून जास्त घट म्हणजे मिश्रण पुरत नाहीये किंवा आजार पुढे जातोय. लांबी-वजनाचे जे तक्ते इंटरनेटवर फिरतात ते भूमध्य सागराकडच्या कासवांवरून केलेले आहेत; सुल्काटाला लावू नका.

पहिली शी यायला आठ-दहा दिवसही लागतात, आतडं रिकामं असतं आणि कासवाचं पचन मुळातच आठवड्यांत मोजायचं. काळपट, घट्ट, गवताचे धागे दिसणारी शी ही चांगली बातमी. हिरवं पाणी, उग्र वास किंवा न पचलेलं मिश्रण जसंच्या तसं आलं तर तापमान पुन्हा तपासा, मग प्रमाण निम्मं करा.

भूक परत येताना आधी विरोध वाढतो. नळीला चावणं, पाय मारणं, खोक्यात फिरणं, पानाचा वास घेणं. हे दिसलं की क्रम उलटा करा: आंघोळ, ऊब, मग तासभर पुढ्यात पाला, आणि संध्याकाळी नळीतून नेहमीच्या निम्मं. दोन घास स्वतः खाल्ले म्हणून त्याच दिवशी नळी बंद करू नका. सलग चार दिवस ताट अर्धं तरी रिकामं झालं आणि वजन टिकलं तर बंद करा. वही मात्र महिनाभर चालू ठेवा. दिव्याची जागा, पाण्याचं तापमान आणि वजन एका ओळीत लिहिलेलं असलं की पुढच्या वेळी खाणं का थांबलं ते आठवावं लागत नाही, मागची पानं उलटून दिसतं.